हेड गॅस्केटला सीलंट लावायचं का? वाचकांचे प्रश्न

इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामध्ये बसणाऱ्या पॅकिंगला, म्हणजे हेड गॅस्केटला, ट्यूबमधलं किंवा डब्यातलं सीलंट लावावं का, या एकाच मुद्द्यावर बरीच पत्रं आली आहेत. इंजिनं वेगळी आहेत आणि गॅस्केटचे प्रकारही वेगळे, त्यामुळे सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: माझ्या चार सिलिंडरच्या टर्बो इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 86 मिलिमीटर. नवीन एमएलएस गॅस्केट, म्हणजे पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांचं, आणलं आहे. इंजिन बांधणारे कारागीर म्हणतात की दोन्ही बाजूंनी लाल सिलिकॉनचा पातळ हात मारला की पुन्हा गळायचं नाव नाही. लावू द्यावं का?

उत्तर: नाही. याबाबत भीड बाळगू नका, स्पष्ट नाही म्हणा.

हेड गॅस्केटला एकाच वेळी तीन गोष्टी अडवायच्या असतात: जळता वायू, दाबाखालचं तेल आणि कूलंट. यातल्या कूलंटचा दाब एक-दीड बारच्या आसपास असतो, तेलाचा चार-पाच बार. वायूचा दाब मात्र टर्बो इंजिनात 100 बारच्या पुढे सहज जातो. 86 मिलिमीटर बोअरचं क्षेत्रफळ सुमारे 58 चौरस सेंटिमीटर भरतं. 100 बार दाबाला हेडवर वरच्या दिशेने पडणारं बल होतं 58 किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ सहा टन. प्रत्येक सिलिंडरच्या प्रत्येक पॉवर स्ट्रोकला हा धक्का बसतो.

त्याला तोंड देतात ते बोल्ट. 11 मिलिमीटरचा 10.9 ग्रेडचा बोल्ट नीट आवळला की साधारण 50 ते 60 किलोन्यूटन पकड देतो. दहा बोल्ट आणि चार सिलिंडर असा हिशेब केला तर एका सिलिंडरच्या वाट्याला 125 ते 150 किलोन्यूटन येतात. या पकडीखाली गॅस्केटमधली बोअरभोवतीची उठावदार कडी स्प्रिंगसारखी दबून राहतात आणि वायू तिथेच अडतो. जे काम दीडशे किलोन्यूटनांच्या पकडीने होतं, ते रबराच्या थराने होणार नाही.

सिलिकॉन नुसतं निरुपयोगी असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण ते नुकसान करतं. आरटीव्ही, म्हणजे खोलीच्या तापमानाला पिकणारं सिलिकॉन, हवेतल्या ओलाव्याने पिकतं आणि तेही बाहेरून आत. दोन रुंद धातूंच्या मध्ये दाबून बसलेल्या थराच्या आतपर्यंत हवा पोचत नाही, त्यामुळे मधला भाग आठवडाभरानेही पेस्टसारखा ओला राहतो. तुम्ही बोल्ट टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोराला, नेता तेव्हा हा ओला थर काही प्रमाणात मध्येच अडकून राहतो. पाना क्लिक होतो आणि काम झालंसं वाटतं. पुढे इंजिन तापलं की तो थर हळूहळू बाहेर सरकतो. हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. वर सांगितलेला बोल्ट 100 मिलिमीटर लांबीत ताणला जातो तो जेमतेम 0.37 मिलिमीटर. थरातून 0.05 मिलिमीटर जाडी निसटली, तर साधारण सातवा हिस्सा पकड गेली. केसाच्या जाडीएवढ्या सिलिकॉनने एवढा फरक पडतो.

दुसरं कारण सरकण्याचं आहे. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. 400 मिलिमीटर लांबीचं हेड 80 अंशांनी तापलं की ते ब्लॉकपेक्षा सुमारे 0.37 मिलिमीटर जास्त लांब होतं. मधून मोजलं तर दोन्ही टोकांना जवळजवळ 0.18 मिलिमीटर सरकतं आणि थंड झाल्यावर परत येतं. एमएलएस गॅस्केटच्या पत्र्यांवर नायट्राइल किंवा फ्लोरोरबराचा सुमारे 25 मायक्रॉनचा लेप कारखान्यातच दिलेला असतो. धातूवरच्या बारीक ओरखड्यांत भरून पाणी आणि तेल अडवायचं आणि ही ये-जा सहन करायची, असं दुहेरी काम तो करतो. म्हणजे तुम्हाला हवं असलेलं सीलंट गॅस्केटवर आधीच आहे, तेही एकसारख्या जाडीचं. त्यावर सिलिकॉन चढवलं की लेप आणि धातू यांचा थेट संबंधच तुटतो.

तिसरं म्हणजे, दाबाने बाहेर आलेलं सिलिकॉन आत, भोकांमध्येही येतं. तिथे त्याचे मणी होतात, सुटतात आणि तेलाबरोबर फिरतात. हेडला तेल देणारं किंवा टर्बोच्या फीडमधलं रिस्ट्रिक्टर, म्हणजे तेलाचा प्रवाह आवरणारं बारीक भोक, दीड मिलिमीटरचं असलं तर भाताच्या शितापेक्षा लहान मणीही पुरतो. बेअरिंग कोरडं पडतं आणि दोष मात्र टर्बोला दिला जातो.

तेव्हा गॅस्केट कोरडंच बसवा. पाकिटातून काढल्यावर बोटांचं तेल लेपावर लागू देऊ नका, कडेने धरा.

प्रश्न: सिलिकॉन नको हे मान्य. पण तांब्याचा स्प्रे तर रेसिंगवाले सर्रास वापरतात. तो चालतो का, आणि किती मारायचा?

उत्तर: तांब्याचा स्प्रे ही निराळी चीज आहे. चिकट राळेत तांब्याची बारीक पूड असते. द्रावक उडून गेल्यावर काही मायक्रॉनचा चिकट थर उरतो आणि तो रबरासारखा फुगून बसत नाही. धातूच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म चरांत भरणं एवढंच त्याचं काम. गॅस्केट कुठलं आहे, यावर तो मारायचा की नाही ते ठरतं.

जुन्या व्ही-8 इंजिनांमध्ये येणारं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं एकेरी पोलादी शिम गॅस्केट उघड्या धातूचं असतं, त्यावर लेप नसतो. तिथे स्प्रे हवाच. पूर्वी यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा रंगही मारत. लेप नसलेल्या एमएलएसलाही हेच लागू. ग्रॅफाइटचं किंवा तंतूंचं कॉम्पोझिट गॅस्केट स्वतःच मऊ असतं, खाचाखोचांत जाऊन बसतं, त्याला स्प्रेची गरज नाही. उलट चिकट, निसरड्या थरामुळे ते दाबाखाली सरकू शकतं. लेप असलेल्या एमएलएसच्या बाबतीत बहुतेक निर्माते कोरडंच सांगतात. काही रेसिंग गॅस्केटचे निर्माते अगदी पातळ तांब्याच्या स्प्रेला हरकत घेत नाहीत. पाकिटातल्या कागदावर काय लिहिलंय तेच शेवटचं माना. तिथे कोरडं लिहिलं असेल तर कोरडं.

मारायचाच असेल तर असा मारा. गॅस्केट दोन बोल्टच्या भोकांतून तार ओवून उभं टांगा. डबा मिनिटभर हलवा. 25 सेंटिमीटर अंतरावरून एका दिशेने एक सलग फेरी, मग उलटी बाजू. खालचा पत्रा धूसर दिसला पाहिजे. तांब्याचा रंग एकसारखा झाकून बसला, ओघळ दिसू लागला, की जास्त झालं. ते पुसून परत सुरू करा. बोट टेकवल्यावर चिकटावं पण बोटाला रंग येऊ नये, इतपत वाळू द्या. द्रावक ओलं असताना हेड ठेवलं तर ते आत कोंडतं आणि पहिल्याच तापण्यात फोड येतात. आणि हेड एकदाच, सरळ खाली बसवा. चिकटलेलं हेड सरकवून जागेवर आणायला गेलात तर थर एका बाजूला गोळा होतो.

प्रश्न: ड्रॅग रेसिंगच्या इंजिनात पूर्ण तांब्याचं 1.09 मिलिमीटरचं गॅस्केट आणि ओ-रिंग वापरतो. वायू कधीच सुटत नाही, पण प्रत्येक वेळी कूलंट झिरपतं. काय चुकतंय?

उत्तर: तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आलं आहे. ओ-रिंगची, म्हणजे बोअरभोवतीच्या खाचेत बसवलेली, तार वायू अडवते. पाण्याच्या भोकांभोवती मात्र नुसतं सपाट तांबं सपाट धातूवर बसलेलं असतं, तिथे ना उठाव ना रबराचा लेप. तांबं स्वतःहून पाणी अडवत नाही. सीलंटची खरी जागा हीच.

पण आधी तार तपासा, कारण तीच जास्त वर आली तर गॅस्केट बोअरभोवती टेकतं आणि बाकी ठिकाणी अधांतरी राहतं. मग कुठलंही सीलंट लावा, पाणी येणारच. 1.04 मिलिमीटर जाडीची स्टेनलेस तार घेतली असेल तर ती पृष्ठभागाच्या वर गॅस्केटच्या जाडीच्या साधारण पाव हिस्सा यायला हवी. तुमच्या गॅस्केटला ते 0.27 मिलिमीटर होतं, म्हणजे खाच सुमारे 0.77 खोल. समोरच्या बाजूला तारेला जागा देणारी रिसीव्हर खाच असेल तर हिशेब बदलतो, तो गॅस्केटच्या निर्मात्याकडून घ्या. डायल गेज लावून तारेची उंची प्रत्येक बोअरवर निदान आठ ठिकाणी मोजा. एका जागी 0.27 आणि समोर 0.35 असेल तर तार खाचेत पूर्ण बसलेली नाही, किंवा खाचेच्या तळाशी किटण आहे. तारेची दोन टोकं एकमेकांना टेकलेली हवीत, मध्ये फट नको.

गॅस्केट मऊ आहे का, तेही पाहा. तांबं एकदा दबलं की कडक होतं. पुन्हा वापरायचं असेल तर ते सपाट पत्र्यावर ठेवून अंधूक उजेडात मंद लाल दिसेपर्यंत तापवा. मग पाण्यात बुडवा किंवा हवेत निवू द्या. पोलादासारखं तांबं पाण्याने कडक होत नाही, पाण्याचा फायदा एवढाच की वरची काळी खपली उडते. मऊ झालेलं गॅस्केट हातात धरलं की स्वतःच्या वजनाने वाकतं. खपली बारीक स्कॉचब्राइटने काढा आणि अ‍ॅसिटोनने पुसा.

आता सीलंट. इथे न सुकणारं पॉलियुरेथेन सीलंट सगळ्यात बरं. हायलोमार हे त्यातलं जुनं आणि सर्वपरिचित नाव. ते साधारण 250 अंशांपर्यंत टिकतं, मऊच राहतं आणि हेड सरकलं तरी तुटत नाही. बारीक ब्रशने प्रत्येक पाण्याच्या आणि तेलाच्या भोकाभोवती पाच-सहा मिलिमीटर रुंदीचं कडं काढा, गॅस्केटच्या दोन्ही बाजूंनी. थर इतका पातळ हवा की खालचं तांबं त्यातून दिसावं. ओ-रिंगच्या रेषेपासून चार-पाच मिलिमीटर दूर राहा. तारेवर आलेलं सीलंट जळून जातं आणि तेवढी जागा रिकामी होते. दहा मिनिटं द्रावक उडू द्या, मग हेड बसवा.

पहिल्यांदा इंजिन चालवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवा, बंद करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. रात्रभर ठेवलं तर उत्तम. मग आवळण्याच्याच क्रमाने एकेक नट पाव फेरा सैल करून परत पूर्ण टॉर्कला न्या. सगळे नट एकदम सैल करू नका. हे फक्त स्टड (ब्लॉकमध्ये बसणारे आणि वरून नट लागणारे दांडे) किंवा पुन्हा वापरता येणाऱ्या बोल्टना लागू आहे. एकदाच ताणायच्या बोल्टना पुन्हा आवळायचं नसतं.

अजून एक. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम पाण्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. गंजरोधक कूलंटशिवाय साधं पाणी भरून इंजिन महिनोन्‌महिने ठेवू नका. रोजच्या गाडीला या गॅस्केटचा आम्ही सल्ला देणार नाही.

प्रश्न: हेड फेसिंग करून, म्हणजे मशिनवर सपाट कापून, आणलं, पण नखाला लागतील अशा चकत्या दिसतात. फेसिंगवाल्याचं म्हणणं, थोडं सीलंट लावा, भरून निघेल.

उत्तर: नखाला लागतंय म्हणजे एमएलएससाठी ते हेड नापास. परत न्या.

पृष्ठभागाचा खरखरीतपणा आरए या मापात सांगतात. एमएलएसला आरए 1.27 मायक्रॉन किंवा त्याहून गुळगुळीत लागतं. इंचाच्या मापात ते 50 मायक्रोइंच. आम्ही 0.8 च्या खाली मागून घ्या असं सांगू, कारण 25 मायक्रॉनच्या लेपाला खोल चर भरता येत नाहीत. कॉम्पोझिट गॅस्केटला मात्र थोडा खरखरीतपणा, साधारण दीड ते अडीच मायक्रॉन, हवाच असतो. आरशासारख्या पृष्ठभागावर ते घसरतं. म्हणून फेसिंगला देतानाच गॅस्केट कुठलं बसणार ते सांगा. चकत्या बहुधा कटरचा वेग कमी आणि टेबलाची चाल जास्त असल्यामुळे उमटतात. शेवटची फेरी 0.02 ते 0.03 मिलिमीटरच्या काटाने, चाल निम्मी करून, मारायला सांगा.

सपाटी स्वतः तपासा. चांगली स्टीलची पट्टी कडेवर उभी धरा. लांबीत तीन ठिकाणी, रुंदीत तीन ठिकाणी आणि दोन्ही कर्णांवर. 0.05 मिलिमीटरचं फीलर गेज कुठेही आत सरकलं तर एमएलएससाठी ते चालणार नाही. हेडबरोबर ब्लॉकचा वरचा पृष्ठभागही मोजायचा असतो. पुष्कळ जण हेड तीनदा फेसिंग करतात आणि वाकडा ब्लॉक तसाच राहतो.

प्रश्न: स्टड बसवताना आट्यांना काय लावायचं: तेल, मोली ग्रीस की थ्रेड सीलंट? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर: भोक कुठे उघडतं, हे आधी पाहा. टॉर्च आणि बारीक तार घ्या. तार तळाला टेकली तर भोक बंद आहे. तार पुढे जाऊन पाण्याच्या पोकळीत शिरली तर ते उघडं. शेवरोलेच्या जुन्या स्मॉल-ब्लॉक व्ही-8 मध्ये हेडचे बोल्ट वॉटर जॅकेटमध्ये उतरतात. अनेक इंजिनांत काही भोकं बंद आणि काही उघडी अशी मिसळ असते.

उघड्या भोकात जाणाऱ्या आट्यांना टेफ्लॉन असलेलं पेस्टसारखं थ्रेड सीलंट लावा, नाहीतर कूलंट आट्यांवरून चढत वर येतं आणि बोल्टच्या डोक्याखालून डोकावतं. लोक त्यालाच गॅस्केट गळतंय असं समजून हेड उतरवतात. खालचे आठ-दहा मिलिमीटर आटे भरले की पुरे. प्लंबरची पांढरी टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे पाण्यात सुटतात.

बंद भोकात मात्र सीलंट नको आणि तेल ओतायचं तर अजिबातच नको. बोल्ट खाली उतरताना तळाच्या द्रवाला जायला वाट नसते. द्रव दबत नाही, त्यामुळे सगळा जोर ब्लॉकच्या भिंतीवर येतो. बीडही तडकतं, अ‍ॅल्युमिनियमचं तर विचारूच नका. हेड उतरवताना सांडलेलं कूलंटही याच भोकांत साठतं. भोकात चिंधी घालून हवेच्या नळीने दोनदा फुंका, डोळ्यांवर चष्मा ठेवा. आटे साफ करायला नवीन कापणारा टॅप वापरू नका, तो धातू खरवडतो. थ्रेड चेझर, म्हणजे न कापता आटे फक्त साफ करणारं हत्यार, वापरा किंवा जुन्या बोल्टला उभ्या खाचा पाडून तो फिरवा.

आता टॉर्कचं. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा डोक्याच्या किंवा नटाच्या खालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि पकडीत बदलतो तो जेमतेम दहावा हिस्सा. त्यामुळे वंगण बदललं की त्याच टॉर्कला पकड खूप बदलते. स्टडच्या निर्मात्याने मोली ग्रीसचा आकडा दिला असेल तर तेच ग्रीस, आणि ते नटाच्या आट्यांना, नटाच्या खाली आणि वॉशरच्या वरच्या बाजूला लावा. वॉशरची खालची बाजू कोरडी ठेवा, म्हणजे ती हेडवर फिरणार नाही. स्टड ब्लॉकमध्ये हाताने पूर्ण उतरवायचा, अ‍ॅलन कीने हलकेच टेकवायचा, जोर लावायचा नाही. मग नट तीन टप्प्यांत. शेवटचा आकडा 110 न्यूटन-मीटर असेल तर 40, 75, 110, मधून बाहेर जाणाऱ्या क्रमाने. थ्रेड सीलंट लावलं असेल तर ते घट्ट होण्याआधी सगळं आवळून व्हायला हवं.

प्रश्न: सीलंट लावू नका म्हणता, पण माझ्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्येच हेड गॅस्केटच्या पुढच्या टोकाला सिलिकॉन लावा असं लिहिलं आहे!

उत्तर: मॅन्युअल बरोबर आहे. तिथे हेड, ब्लॉक आणि टायमिंग कव्हर असे तीन भाग एका कोपऱ्यात भेटतात. दोन भागांच्या जोडावर तिसरा बसला की कोपऱ्यात बारीकशी फट राहते आणि तिच्यातून तेल पाझरतं. तिथे वायूचा दाब नाही, बोल्टच्या पकडीशी संबंध नाही. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच, सांगितलेल्या मापाचा ठिपका किंवा रेघ लावा. बहुतेक ठिकाणी ती दोन-तीन मिलिमीटरची असते. अ‍ॅल्युमिनियमला न खाणारं, व्हिनेगरचा वास न येणारं सिलिकॉन घ्या. लावल्यावर वेळ घालवू नका. साय धरायच्या आत हेड बसायला हवं.

प्रश्न: बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, 1.2 बारच्या वर नेला की कूलंट बाहेर फेकलं जातं. सावकाश चालवलं तर थेंबही नाही. लीक-डाउन टेस्ट उत्तम आली. हेड काढून या वेळी सीलंट लावून बसवू का?

उत्तर: हे वायूच्या दाबाने हेड क्षणभर उचललं जाण्याचं लक्षण आहे आणि सीलंट त्यावर काहीही करणार नाही.

लीक-डाउन टेस्टमध्ये सिलिंडरात साधारण सात बार हवा भरतात. तुमची गळती शंभर-सव्वाशे बारला सुरू होते, तेही एका क्षणापुरती, म्हणून टेस्ट निर्दोष दिसते. खात्री करायची तर थंड इंजिन सुरू करून बूस्टखाली दोन-तीन वेळा खेचा आणि लगेच वरचा रेडिएटर होज दाबून पाहा. पाणी तापण्याच्या आतच तो दगडासारखा कडक झाला असेल तर वायू पाण्यात शिरतोय. कूलंटमध्ये जळलेला वायू आहे का ते दाखवणारी निळ्या द्रवाची ब्लॉक टेस्टही अशा खेचण्यानंतर लगेच करा. द्रव पिवळा झाला तर शंका उरत नाही.

हेड उतरवल्यावर जुनं गॅस्केट धुऊन टाकण्याची घाई करू नका, उजेडात धरून वाचा. बोअरच्या कड्यापासून जवळच्या पाण्याच्या भोकाकडे जाणारी काजळीची काळी रेघ दिसली, तर वायू तिथून गेला. एकाच सिलिंडरला असेल तर आधी तिथली सपाटी आणि तिथले स्टड तपासा. सगळ्या सिलिंडरना थोडी थोडी असेल तर पकड एकंदरच कमी पडतेय. आणि कडं एका जागी चेपलेलं, ठोकल्यासारखं चमकत असेल तर तो नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी भडकण्याचा, मार आहे. तेव्हा पिस्टनच्या कडा आणि स्पार्क प्लगची पोर्सेलिनही भिंगाखाली बघा, बारीक करड्या कणांचे ठिपके असतील.

नॉकिंग असेल तर इग्निशन मागे घेणं, मिश्रण आणि इंधन सुधारणं हे पहिलं काम. ते न करता जाड स्टड घातलेत तर पुढच्या वेळी गॅस्केटऐवजी पिस्टन फुटेल. ट्यूनिंग निर्दोष असेल तरच पकड वाढवा: जास्त ताकदीच्या पोलादाचे स्टड, किंवा ब्लॉकला भिंत पुरत असेल तर 11 ऐवजी 12 मिलिमीटरचे. त्याने ताण घेणारं क्षेत्रफळ सुमारे वीस टक्के वाढतं. पण पकड वाढली की बोअरचा आकारही बदलतो, म्हणून टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड पाटी) लावून होनिंग, म्हणजे बोअरची शेवटची घासाई, केलेलं असलं पाहिजे. तसं नसेल तर गळती थांबेल आणि इंजिन तेल खायला लागेल.

प्रश्न: एकदा आवळलेलं एमएलएस गॅस्केट, इंजिन सुरू न करताच काढावं लागलं. स्प्रे मारून पुन्हा वापरता येईल?

उत्तर: इंजिन तापलेलं नसेल, लेप कुठेही सोललेला नसेल आणि निर्मात्याची ना नसेल, तर चाचणीपुरतं चालून जाईल, पण नवीन लावा. कडी एकदा दबली की पहिल्याइतकी उसळत नाहीत आणि स्प्रेने ती उसळी परत येत नाही. तापून चाललेलं एमएलएस तर नकोच.

प्रश्न: कार्टच्या हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात हेड आणि सिलिंडर यांच्यामधून काळं तेल येतं. सिलिकॉन लावलं तर दोन दिवसांत जळतं.

उत्तर: जळणारच, तिथे पाणी नाही, तेलाची वाहिनी नाही, फक्त वायू आहे. शिवाय सिलिकॉनच्या थराने पिस्टन आणि हेड यांमधलं स्क्विशचं अंतर दर वेळी बदलतं आणि तुमचं ट्यूनिंग हलतं. सीलंट पूर्ण काढा. जाड काचेवर 400 नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, त्यावर रॉकेलचे थेंब टाका आणि हेड इंग्रजी आठच्या आकारात, हाताच्या वजनानेच फिरवा. दर वीस फेऱ्यांनी हेड पाव फेरा वळवून धरा, नाहीतर एका बाजूला उतार येतो. आधी मार्करने काढलेल्या आडव्यातिडव्या रेघा सगळीकडून पुसल्या गेल्या की शेवटी 600 नंबर. सिलिंडरचा वरचा भागही तसाच, मात्र स्टड काढून. मग मऊ केलेलं नवं तांब्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं गॅस्केट कोरडं बसवा आणि सोल्डरची तार ठेवून स्क्विश पुन्हा मोजा. हेड घासल्याने ते कमी झालेलं असतं.

प्रश्न: रेडिएटरमध्ये ओतायचं लिक्विड सीलर?

उत्तर: परफॉर्मन्स इंजिनात नाही. सोडियम सिलिकेटचं द्रावण चिरेतून बाहेर येताना सुकून काचेसारखं होतं, पण 100 बारच्या वायूपुढे ते टिकत नाही. रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या मात्र बुजतात.

प्रश्न: आधीच्या कारागिराने लावलेलं सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवरून कसं काढायचं? एअर ग्राइंडरला लावायची खरखरीत चकती वापरली तर झटपट निघतं.

उत्तर: चकती आधी बाजूला ठेवा. तिच्यातले अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण तेलात जाऊन बेअरिंग घासून काढतात; आणि मऊ अ‍ॅल्युमिनियमवर ती काही सेकंदांत खड्डा पाडते. तो खड्डा बोटाला कळत नाही, फीलर गेजला कळतो.

सगळी भोकं कागदी टेपने बंद करा, बोअरमध्ये ग्रीस लावलेली चिंधी घाला. सिलिकॉन विरघळवणारं गॅस्केट रिमूव्हर लावून सांगितलेला वेळ थांबा. मग प्लॅस्टिकच्या किंवा लाकडाच्या पट्टीने, जवळजवळ आडवी धरून, खरवडा. राहिलेलं पुन्हा रिमूव्हर लावून काढा. शेवटी अ‍ॅसिटोनने भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या पांढऱ्या कापडाने पुसा. कापडावर डाग यायचं थांबेपर्यंत कापड बदलत राहा. सिलिकॉनची अदृश्य साय राहिली असेल तर पृष्ठभागावर शिंपडलेलं पाणी मण्यांसारखं गोळा होतं. पाणी सपाट पसरलं की हेड स्वच्छ आहे. पाणी पुसून कोरडं करा, टेप काढा आणि प्रत्येक तेलाच्या वाहिनीतून हवा मारा. मग तेल आणि तेलाचा फिल्टरही बदला, कारण सुटलेले मणी आधीच खाली संपमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या भांड्यात, पडलेले असू शकतात. संप उतरवता येत असेल तर पिकअपची, म्हणजे तेल ओढणाऱ्या नळीची, जाळीही उघडून बघा, ते बहुधा तिथेच अडकलेले सापडतात.